व्याख्यान सभागृहात आणि घरीही: आवाजापासून सुरुवात करा

मार्च २०२० नंतर आमच्या नौपाड्यातल्या वाचन मंडळाची व्याख्यानं झूमवर गेली. सभागृहं उघडल्यावर पुन्हा खुर्च्या मांडल्या, पण जिना चढू न शकणाऱ्या आजी आणि न्यू जर्सीतली मुलं सुटू नयेत म्हणून ऑनलाइन बाजू ठेवलीच. तुम्हीही ठेवा.

आधी आवाज बघा. चित्र धूसर असलं तर लोक चालवून घेतात, आवाज फुटला की निघून जातात. लॅपटॉपचा माइक पंख्याची घरघर आणि खुर्च्यांची सरकासरक सगळं उचलतो. म्हणून साउंडवाल्याला आदल्या दिवशीच सांगा की मिक्सरमधून, म्हणजे सगळे माइक जिथे जोडलेले असतात त्या यंत्रातून, एक वायर लॅपटॉपला हवी. मध्ये छोटं यूएसबी साउंड कार्ड लागतं, तो आवाज लॅपटॉपमध्ये घेणारी डबी. आमच्या पहिल्या कार्यक्रमात श्रोते जागेवरूनच प्रश्न विचारत होते, घरून ऐकणाऱ्यांना नुसती उत्तरं ऐकू आली. फार वाईट वाटलं. तेव्हापासून एक माइक फक्त प्रश्नांसाठी फिरतो.

घरच्या श्रोत्यांसाठी एक माणूस वेगळा बसवा. त्याने चॅट वाचायचं, आणि पहिला प्रश्न तिकडचा घ्यायचा.

वेळ संध्याकाळी सातची बरी, उन्हाळ्यात न्यू जर्सीत तेव्हा सकाळचे साडेनऊ वाजलेले असतात. झूमची फुकट बैठक ४० मिनिटांत बंद होते, हे लक्षात ठेवा. यूट्यूबवर नव्या चॅनलला लाइव्ह सुरू व्हायला २४ तास लागू शकतात, तेव्हा ते दोन दिवस आधीच उरकून घ्या. आणि रेकॉर्डिंग ठेवणार असाल तर वक्त्याची परवानगी आधी घ्या.