माळवदाचं घर : मृगाआधीची तयारी

मराठवाड्यात, सोलापूरकडे जुनी माळवदं, म्हणजे लाकडी तुळयांवर मातीचा थर दिलेली सपाट छतं, अजून नांदती आहेत. ती तशीच राहायची तर अक्षय तृतीया झाली की कामाला लागायचं. पण शिडी लावण्याआधी घरात फिरा. भिंतीत गेलेली तुळयांची टोकं हातोडीने ठोकून बघा. कूज आणि वाळवी बहुतेक तिथूनच सुरू होते. आवाज पोकळ आला तर दाभण टोचा. ते सहज आत शिरलं तर आधी सुतार आणि टेकू, मगच वर माणूस चढवायचा.

वरचं गवत मुळासकट काढा. पिंपळाचं रोप नुसतं मोडून भागत नाही, ते पुन्हा फुटतं. उंदीर-घुशींची बिळं मातीचा गारा ठासून बुजवा. मग उंच बाजूला घागरभर पाणी ओता. ते कुठेही न थबकता पन्हळीकडे गेलं पाहिजे आणि भिंतीपासून हातभर लांब पडलं पाहिजे. भिंतीवरून ओघळत असेल तर बाकी सगळं सोडून आधी पन्हळ पुढे काढा.

माती खारीच आणा. भिजली की ती फुगते, तिचे बारीक कण फटी बुजवतात आणि पाणी वरच्या वर वाहून जातं. काळी माती फुकट मिळाली तरी नको, उन्हात भेगाळते.

दरवर्षी नुसता नवा थर चढवायची रीत मात्र सोडा. शंभर चौरस फुटांवर एक इंच माती म्हणजे साधारण चारशे किलो, भिजल्यावर आणखी जास्त. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी भागात भूकंपात हजारो माणसं गेली, त्यांतली कितीतरी दगडमातीच्या जाड भिंती आणि असल्याच जड छतांखाली. म्हणून जुना भुसभुशीत थर खरवडून खाली टाका, तेवढीच नवी माती घालून चोपा आणि कठड्याला आतून रेघ मारून ठेवा. रेघ झाकली गेली की माती जास्त झाली. पाण्याची टाकी वर नकोच, मुलं कितीही मागे लागोत.

मातीखाली ताडपत्री अंथरायची टूम निघालीय. गळती थांबते खरी, पण खालची ओल कोंडली तर लाकूड गुपचूप कुजतं. अंथरली असेल तर तुळया दर हिवाळ्यातही तपासा.

सवण्याचं, म्हणजे उजेड-धुरासाठी छतात ठेवलेल्या झरोक्याचं, झाकण घट्ट बसतंय ना, बघा. गोणीभर खारी माती कोरडी ठेवा. पहिल्या पावसात जिथे ठिबकेल तिथे आतून खडूची खूण करा आणि उघडीप मिळाल्यावर तेवढीच जागा चोपून घ्या.