वाचन शिकवण्याची ऑनलाइन मास्टर्स बडोद्यात बसून कशी करावी

या पदवीची चौकशी करणाऱ्या शिक्षिकेला सगळे एकच विचारतात, ‘तुमचं इंग्रजी कसं आहे?’ ‘ज्या मुलाला वाचायला शिकवणार ते मूल कुठून आणणार?’ असं कोणी विचारत नाही, आणि पदवी अडते ती नेमकी तिथेच. मी एका अमेरिकन विद्यापीठातून ही मास्टर्स केली. त्यानंतर बडोद्यातल्या बऱ्याच शिक्षिकांच्या प्रॅक्टिकमच्या, म्हणजे प्रत्यक्ष मुलाला शिकवण्याच्या सरावाच्या, कागदांवर स्थानिक मार्गदर्शक म्हणून सही करत आले आहे. बाई दांडिया बाजारातली असो की मांजलपूरची, रडगाणं तेच असतं.

लॅपटॉप, इंटरनेट, घरच्यांची समजूत हे तुम्ही बघालच.

कशासाठी करताय, ते आधी

सरकारी शाळेत लागायचं तर इयत्तेप्रमाणे मान्यताप्राप्त डी.एल.एड. किंवा बी.एड. आणि टेट किंवा टाट ही शिक्षक पात्रता परीक्षा लागते. विशेष शिक्षिका व्हायचं तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. ही पदवी यातलं काहीही देत नाही. इंग्रजी माध्यमाच्या खासगी शाळेत वाचनाचा विभाग सांभाळायचा असेल, शिक्षकांना प्रशिक्षण द्यायचं असेल किंवा अडखळणाऱ्या मुलांसोबत नीट काम करायचं असेल, तरच घ्या. पुढे पीएच.डी. किंवा कॉलेजातली नोकरी मनात असेल तर थांबा. परदेशी पदव्यांच्या समकक्षतेचे यूजीसीचे नवे नियम २०२५ मध्ये आले आहेत. तुमची ऑनलाइन पदवी त्यात बसते का, याचं लेखी उत्तर हातात आल्याशिवाय एक डॉलरही पाठवू नका. एजंट ‘थई जशे, बेन’ (होऊन जाईल, ताई) म्हणेल. त्याचं काय जातंय!

अभ्यासक्रम निवडणं

अमेरिकेत याचे दोन रस्ते असतात. एक तिथल्या राज्याचं ‘रीडिंग स्पेशालिस्ट’ लायसन्स मिळवून देणारा, दुसरा फक्त पदवीचा. लायसन्ससाठी त्या राज्याच्या परीक्षा आणि बहुतेक ठिकाणी तिथला शिकवण्याचा परवाना लागतो. बडोद्यात राहणाऱ्या बाईला त्याचा उपयोग शून्य. दुसरा रस्ता धरा. साधारण ३० ते ३६ क्रेडिट असतात, नोकरी सांभाळून दोन वर्षं धरून चाला.

मग प्रत्येक विषयाचा सिलॅबस मागवा आणि त्यात पाच गोष्टी शोधा. शब्दातले सुटे आवाज ओळखणं, फोनिक्स (कोणत्या अक्षराचा कोणता आवाज ते), वाचनाचा ओघ, शब्दसंपत्ती आणि आकलन. अमेरिकेच्या नॅशनल रीडिंग पॅनेलच्या २००० सालच्या अहवालाने याच पाच गोष्टींवर बोट ठेवलं होतं. ‘मूल अडलं तर चित्र बघून शब्दाचा अंदाज बांधू द्या’ असं शिकवणारा अभ्यासक्रम दिसला तर विद्यापीठाचं नाव कितीही मोठं असो, पुढे जा. अंदाज बांधणारं मूल चौथीत चित्रं संपली की उघडं पडतं.

कागदपत्रं आणि तासांच्या वेळा

ट्रान्सक्रिप्टचा, म्हणजे तुमच्या विद्यापीठाच्या अधिकृत गुणपत्रकाचा, अर्ज सगळ्यात आधी टाका, तो सगळ्यात उशिरा येतो. तीन वर्षांची बी.ए. काही विद्यापीठं चार वर्षांच्या तोडीची मानत नाहीत. वर बी.एड. असेल तर प्रश्न बहुधा सुटतो, तरी अर्जाआधी विचारून घ्या. न्यूयॉर्कचे रात्रीचे आठ म्हणजे आपले पहाटेचे साडेपाच, आणि नोव्हेंबरात तिकडची घड्याळं मागे गेली की साडेसहा. जमेल तिथे रेकॉर्ड केलेले तासच घ्या. थिअरीचे विषय कोणीही पास होतं.

प्रॅक्टिकम

इथे सावकाश वाचा. प्रॅक्टिकम म्हणजे एका खऱ्या मुलाला सत्रभर इंग्रजी वाचायला शिकवायचं, चाचण्या घ्यायच्या, व्हिडिओ पाठवायचे आणि त्यावर गुण मिळवायचे. हे सगळं ओहायो किंवा टेक्साससारख्या ठिकाणची शाळा डोळ्यांसमोर ठेवून बेतलेलं असतं. रावपुऱ्यातलं मूल त्यात आपोआप बसत नाही, ते बसवावं लागतं. ते कसं, हे सांगायला विद्यापीठात कोणी नसतं. मला कोणी सांगितलं नाही आणि माझा सगळ्यात जास्त जीव इथेच गेला.

पहिली गोष्ट कॅलेंडर. तिकडचं फॉल सत्र ऑगस्टअखेर ते डिसेंबर चालतं. आपल्याकडे त्यात नवरात्र येतं, आणि बडोद्यातलं मूल नऊ रात्री गरब्याला जाऊन सकाळी तुमच्यासमोर पेंगतं. लगेच दिवाळीची तीन आठवड्यांची सुट्टी, अर्धी मराठी घरं गावाला. प्रॅक्टिकम जानेवारीच्या सत्रातच घ्या. उत्तरायणाचे दोन दिवस सोडले तर एप्रिलच्या परीक्षांपर्यंत सलग काम होतं. समरमध्ये घेण्याचा विचारही नको, मे महिन्यात मूलच सापडत नाही.

दुसरी गोष्ट मार्गदर्शक. या विषयातली मास्टर्स असलेली व्यक्ती तुमच्याच शहरात हवी, अशी बऱ्याच विद्यापीठांची अट असते. बडोद्यात अशी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. ‘व्हिडिओवरून पर्यवेक्षण चालेल’ हे प्रवेशाच्या वेळीच ईमेलवर लिहून घ्या. फोनवरचं आश्वासन धरायचं नाही. फीदेखील सत्रागणिक भरा, सगळी एकदम नाही.

तिसरी गोष्ट मूल. मुख्याध्यापकांना ‘रिसर्च’ म्हणालात तर दार बंद होतं. ‘एका मुलाला आठवड्यातून दोनदा वाचनाला मदत’ म्हणा आणि विद्यापीठाच्या लेटरहेडवरचं पत्र द्या. शाळा तुम्हाला वर्गातलं सगळ्यात मागे पडलेलं मूल देऊ करेल. नम्रपणे नाही म्हणा. त्या मुलाला आधी डोळ्यांच्या, कानांच्या डॉक्टरकडे न्यायची गरज असू शकते. दुसरी ते चौथीतलं, रोज शाळेत येणारं, ज्याचे आईवडील फोन उचलतात असं मूल मागा. भाचा-पुतण्या घेऊ नका. एक मूल राखीव ठेवा आणि त्याचंही संमतिपत्र आधीच करून घ्या, कारण वडिलांची बदली तुमचं सत्र बघून होत नाही.

संमतिपत्र घरच्या भाषेत हवं, मराठीत किंवा गुजरातीत, आणि विद्यापीठासाठी इंग्रजी भाषांतर वेगळं. सही वडील करतात, पण होकार आजीचा लागतो. म्हणून घरी जा आणि चहा घ्या. कॅमेरा मुलाच्या खांद्यामागून पुस्तकावर लावा. बोट आणि आवाज पुरतो, चेहरा लागत नाही. हे कळलं की घरचे निम्मे शांत होतात.

आता सगळ्यात किचकट भाग, उच्चार. रनिंग रेकॉर्डमध्ये मूल वाचतं आणि तुम्ही चुका टिपता. शंभर शब्दांत ९५ किंवा जास्त बरोबर आले तर ते पुस्तक मुलाला एकट्याने झेपतं, ९० ते ९४ म्हणजे शिकवण्याजोगं, त्याखाली अवघड. आपल्याकडचं मूल ‘वेट’ आणि ‘व्हेट’ एकसारखंच म्हणतं. ‘हॉल’चा ‘होल’ होतो, ‘झू’चा ‘जू’, ‘स्नॅक’चा ‘स्नेक’. समजा शंभरात आठ चुका आल्या, म्हणजे ९२. त्यातल्या पाच निव्वळ बोलण्याच्या सवयीच्या असतील तर खरा आकडा ९७. पुस्तक बदललं, पातळी बदलली, तुमचा पुढचा सगळा आराखडा बदलला. बोलीतले फरक चुका धरायचे नाहीत, हा नियम रनिंग रेकॉर्डमध्येच आहे. पण व्हिडिओ ऐकणाऱ्या प्राध्यापकांना बडोद्याची बोली कशी कळावी?

ती तुम्ही कळवायची. पहिल्या व्हिडिओआधी एक पानी टिपण पाठवा. घरी मराठी, गल्लीत गुजराती, शाळेत इंग्रजी, आणि त्यामुळे कोणते आवाज एकमेकांत मिसळतात त्याची यादी. शंका आली तर चाचणी सोपी आहे. खाऊचं आणि सापाचं अशी दोन चित्रं ठेवा आणि ‘स्नॅक’ हा शब्द वाचायला द्या. ‘स्नेक’ म्हणून मुलाने खाऊवर बोट ठेवलं तर वाचन बरोबर, उच्चार घरचा. सापावर ठेवलं तर तो स्वर शिकवायचा राहिला आहे. हे कॅमेऱ्यासमोर करा, म्हणजे वादच नको.

असाच घोळ आवाज तोडण्याच्या चाचणीत होतो. ‘कॅट’मधला पहिला आवाज काढून टाक, काय उरलं, असं विचारलं की इथली बरीच मुलं ‘ट’ म्हणतात. अमेरिकन गुणतक्त्यात ती चूक. पण देवनागरी आणि गुजराती लिपीत ‘कॅ’ हे एकच अक्षर, मूल शिकल्याप्रमाणे अक्षर तोडतं. संशोधक सोनाली नाग यांच्या कन्नड वाचनावरच्या कामात हे नीट मांडलेलं आहे. अक्षरांच्या लिपीत सुट्या आवाजांची जाण हळूहळू येते, आणि सगळी अक्षरं आत्मसात व्हायला पहिली-दुसरी पुरत नाही. अहवालात हे लिहा आणि बाराखडी कामाला लावा. क, का, कि, की लिहून ‘यात काय बदलत नाही?’ असं विचारा. सुटा ‘क्’ मुलाला तिथे सापडतो, मग ‘कॅट’कडे या.

मुलाचं गुजराती किंवा मराठी वाचनही एकदा ऐका, विद्यापीठाने मागितलेलं नसलं तरी. तिथे घडाघडा वाचत असेल तर अडचण बहुधा इंग्रजीच्या ओळखीची आहे. गफ आणि टनमर या संशोधकांनी १९८६ मध्ये मांडलेलं सूत्र इथे उपयोगी पडतं. वाचन म्हणजे शब्द उलगडणं गुणिले भाषेचं आकलन. बेरीज नाही, गुणाकार. बडोद्यात अशी पुष्कळ मुलं भेटतात जी पान खाडखाड वाचतात आणि ‘काय झालं गोष्टीत?’ विचारलं की गप्प होतात. त्यांना फोनिक्सच्या आणखी वर्कशीट देणं म्हणजे भरल्या पोटी औषध म्हणून पुन्हा जेवण वाढणं. त्यांच्याशी गोष्टीवर बोला, आधी मराठीत, मग इंग्रजीत.

वाचनाच्या वेगाच्या तक्त्यांबाबत मी हट्टी आहे. हॅसब्रुक आणि टिंडल यांच्या २०१७ च्या तक्त्यात दुसरीच्या वर्षअखेरीला मधला आकडा मिनिटाला १०० बरोबर शब्द असा आहे. तो अमेरिकन शाळांतल्या मुलांचा आहे. आपल्या मुलाची तुलना त्याच्याच जानेवारीच्या आकड्याशी करा आणि तेच ठळक लिहा. आणि ‘डिस्लेक्सिया’ हा शब्द अहवालात नको, ते निदान करण्याचा अधिकार या पदवीने मिळत नाही.

उरलेलं

एका विषयात ‘तुमच्या परिसराचा वाचन-इतिहास’ लिहायला सांगतात. बडोद्याच्या माणसाला हे फुकटचे गुण आहेत. सयाजीरावांनी १९०६ मध्ये संस्थानभर लागू केलेलं सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण, आणि १९१० मध्ये ग्रंथालयं उभारायला अमेरिकेहून बोलावलेले ग्रंथपाल बॉर्डन. सेंट्रल लायब्ररीत एक दुपार घालवा, पेपर तयार.

कॅपस्टोनला, म्हणजे पदवीच्या शेवटच्या प्रकल्पाला, नवा विषय शोधू नका, प्रॅक्टिकमचंच साहित्य वाढवा. शेवटच्या दोन तासांना मुलाच्या आईला शेजारी बसवा आणि काय चालू ठेवायचं ते करून दाखवा. ग्रेड लागली की व्हिडिओ डिलीट करा, आणि तसं घरी फोन करून कळवा.