जुन्या लेझर मशीनचे असमान कटिंग : दोष कसा शोधावा

कार्बन डायऑक्साइड लेझर मशीन जुने झाले की ट्यूब (किरण निर्माण करणारी नळी) संपली असे मानण्याची घाई होते. परंतु ट्यूब हा महागडा भाग असल्याने तिच्यावर संशय सर्वांत शेवटी घ्यावा. प्रथम वीजपुरवठा तोडून लेन्स आणि तिन्ही आरसे आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओलसर केलेल्या लेन्स टिश्यूने, दाब न देता पुसावेत. लेन्सवरचा धुराचा तपकिरी थर बराचसा किरण तिथेच अडवतो.

त्यानंतरही एका कोपऱ्यात ॲक्रिलिक आरपार कापले जात असेल आणि दुसऱ्या कोपऱ्यात चिकटून राहत असेल, तर लेझर हेडमध्ये (लेन्स असलेल्या, सरकत्या भागामध्ये) किरण शिरतो त्या छिद्रावर मास्किंग टेप लावावी आणि झाकण बंद ठेवून, कमी पॉवरवर चारही कोपऱ्यांत एकेक पल्स (क्षणभराचा किरण) द्यावी, म्हणजे टेपवर जळका डाग उमटतो. आडवा दांडा पहिल्या (ट्यूबलगतच्या) आरशापासून दूर जाताना डाग सरकत असेल, तर पहिल्या आरशाचे स्क्रू किंचित फिरवावेत. हेड दांड्यावरून सरकताना डाग हलत असेल, तर दुसऱ्या आरशाचे. हे काम चिकाटीचे आहे, घाईने बिघाड वाढतो. डाग जुळले, तरी फरक राहिल्यास नोझल (हेडचे खालचे टोक) आणि बेड यांतील अंतर चारही कोपऱ्यांत मोजावे.

एनग्रेव्हिंगमधील अक्षरांच्या कडा दुहेरी दिसत असतील, तर दोष बहुधा सैल बेल्टचा असतो. सर्वत्र सारखीच शक्ती घटली असेल, तर ट्यूब थंड ठेवणाऱ्या पाण्याचे तापमान पाहावे. ते साधारण २० अंश सेल्सिअसच्या आसपास हवे. तेही ठीक असेल, तरच ट्यूबकडे वळावे. तेथील उच्च दाबाच्या विजेमुळे ते काम जाणकार तंत्रज्ञाकडेच सोपवावे.