गौरी बसल्या की धोबी बघायला निघा

"थंडी पडली की आम्हालाही न्या हो पक्षी बघायला," असं दुकानात येणारी निम्मी गिऱ्हाइकं म्हणतात. हडपसरला माझं औषधांचं दुकान आहे आणि गल्ल्यामागे दुर्बीण टांगलेली असते, त्यामुळे विषय निघतोच. मी सगळ्यांना एकच सांगतो: थंडीची वाट बघू नका. डिसेंबरात कवडीपाटच्या बंधाऱ्यावर पक्ष्यांपेक्षा कॅमेरे जास्त दिसतात. बघायचं ते भाद्रपदात, पाऊस जाऊ की नको म्हणत असतो तेव्हा. थंडीसाठी लांबून येणारे पाहुणे पक्षी तेव्हाच एकेक करून उतरायला लागतात.

त्यासाठी आधी एक जागा धरा. दर रविवारी नवं ठिकाण गाठलंत तर काय नवीन आलं ते कळणार कसं? माझी जागा म्हणजे सोलापूर रस्त्यावर लोणी काळभोरच्या अलीकडचा, मुळा-मुठेवरचा कवडीपाटचा बंधारा. जागा देखणी नाही. पाण्यावर फेस असतो, काठाच्या झुडपांना प्लास्टिक लोंबतं आणि वासाने पहिली दहा मिनिटं डोकं उठतं. पण त्या घाणीतच अळ्या-किडे पोसले जातात आणि त्यांच्यामागे पक्षी येतात. तुमच्याजवळ गावतळं, पाझर तलाव नाहीतर नुसता ओढा असेल तरी चालेल. गौरी बसल्यापासून दसऱ्यापर्यंत आठवड्यातून एकदा तिथेच जायचं, एवढं पाळा.

दुकान साडेनऊला उघडायचं असतं म्हणून मी साडेसहाला काठावर असतो. ऊन पाठीशी येईल असं उभं राहायचं, नाहीतर सगळेच पक्षी काळे दिसतात. निघण्यापूर्वी पेपर चाळायचा. 'खडकवासला धरणातून विसर्ग वाढवला' अशी बातमी असली तर नदीकडे फिरकू नका. काठाचा चिखल बुडालेला असतो, तिथे टिपायला येणारे पक्षी आजूबाजूच्या शेतांत पांगलेले असतात, आणि पाणी कधी चढेल याचा नेम नाही. त्या दिवशी रानातली डबकी बघा. दुर्बीण आठ बाय बेचाळीसची, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, बेचाळीस मिलिमीटर भिंगाची पुरते. बूट जुने घाला.

सुरुवात धोब्यापासून करा. शेपटी सतत खालीवर आपटणारा, चिमणीहून लांबोडका पक्षी. काळ्या पाठीचा, पांढऱ्या भुवईचा मोठा धोबी आपल्याकडे बारमाही, तो आधी नजरेत बसवून घ्या. मग एके दिवशी करड्या पाठीचा, लांबलचक शेपटीचा, बुडाशी पिवळाजर्द असा एक दगडावर दिसेल. हा करडा धोबी. हिमालयात आणि त्याच्याही पलीकडे घरटी उरकून येतो. माझ्या वहीत त्याची पहिली नोंद ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यापासून सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत कधीतरी असते. पिवळा धोबी आणि हा यांत गोंधळ झाला तर रंगावर जाऊ नका, पाय बघा. करड्याचे पाय फिकट गुलाबीसर असतात, पिवळ्याचे काळे. पिवळा बहुतेक वेळा चरणाऱ्या गुरांच्या पायात घोटाळतो, करडा वाहत्या पाण्याशी.

तुतवारही याच सुमाराला येतो. काठाकाठाने मागचा भाग हलवत चालतो. छातीच्या बाजूने पांढरा पट्टा खांद्यापुढे वर चढलेला दिसला की तोच. उडताना पाण्याला लागून, पंख ताठ धरून थरथरवत जातो. त्याचे दोन भाऊबंद मात्र माझी परीक्षा घेतात. हिरवी तुतारी आणि ठिपकेवाली तुतारी. उभ्या असताना मी अजूनही चुकतो, म्हणून उडायची वाट बघतो. हिरवीच्या पंखांची खालची बाजू काळपट आणि त्याला लागून शुभ्र कंबर, उडाली की काळापांढरा तुकडा भिरकावल्यासारखी वाटते. ठिपकेवालीचे पंख खालून फिके. एकदा या नादात उशीर झाला आणि घरी वडिलांच्या तिथीचं पान वाढून तयार होतं. "कावळा येऊन गेला, तुम्ही नाही आलात," एवढंच बायको बोलली.

पुस्तकातल्या चित्रावर या दिवसांत फार विसंबू नका. चित्र बहुधा विणीच्या ऐन रंगातल्या नराचं असतं, इथे येतात ती कळकटलेली मोठी आणि यंदाची पिल्लं. पहिल्या वर्षी मी मातकट अंगाच्या, पिवळ्या चोचीच्या थव्यापुढे 'अनोळखी, दुर्मिळ?' असं लिहून ठेवलं होतं. ती भोरडीची पिल्लं निघाली. गुलाबी-काळी मोठी भोरडी मला शंभरदा दिसलेली, तरी!

सप्टेंबरच्या शेवटी एखादी सकाळ नदी सोडून दिवे घाट चढा आणि सासवडकडच्या माळावर विजेच्या तारा बघत जा. आफ्रिकेच्या वाटेवरचा काश्मिरी नीलपंख तिथे भेटू शकतो. आपल्या नेहमीच्या नीलपंखाची छाती तपकिरी, याची डोक्यापासून पोटापर्यंत आकाशी. गाडी लांब थांबवा. लांबच्या पल्ल्यावर निघालेला पक्षी पोट भरायला बसलेला असतो, त्याला फोटोसाठी तारेवरून तारेवर पळवू नये. मोबाइलवर आवाज वाजवून बोलावणाऱ्यांशी तर माझं भांडणच होतं.

आणि जाणाऱ्यांकडेही लक्ष असू द्या. चातक पावसाच्या तोंडावर आलेला असतो, तो आता निघतो. कधीकधी सातभाईंचा घोळका एका शेंडीवाल्या, काळपट पिल्लाला भरवताना दिसतो. चातक अंडं सातभाईंच्या घरट्यात घालतो; पिल्लू चातकाचं, राबणारे सातभाई. आलेल्याची तारीख लिहिणं सोपं असतं, पण शेवटचा दिसला तो शेवटचा होता हे त्या दिवशी कळत नाही. म्हणून दर फेरीला 'चातक आहे' किंवा 'चातक नाही' असं लिहायचंच. गेल्या वर्षीच्या माझ्या वहीत सलग चार रविवार 'आहे' आहे, पाचव्याला मी लग्नाला गेलो होतो, आणि सहाव्याला 'नाही'.