योगाची सुरुवात घरच्या लादीवरून

पाऊस ओसरला की गोव्याच्या किनाऱ्यावर हरमल, मांद्रे, आगोंद, पाटणे इथे योगवर्गांचे फलक लागू लागतात. हठ, विन्यास, अष्टांग, यिन अशी नावे असतात आणि एकेका तासाचे पैसे भरून कोणालाही आत बसता येते. पण दीड तासाचा विन्यास पहिल्याच दिवशी पेलत नाही. दुसऱ्या दिवशी मनगटे ठणकतात, कंबर धरते आणि योग आपल्यासाठी नाही असे ठरवून माणूस मोकळा होतो. म्हणून आधी दोन आठवडे घरी रोज अर्धा तास करा. शैली त्यानंतर निवडा.

जागा आणि वेळ

फोटोत पुळणीवरचा योग छान दिसतो, पण शिकायला ती जागा वाईट. कोरड्या वाळूत तळहाताची टाच रुतते, त्यामुळे मनगट नेहमीपेक्षा जास्त मागे मुडपते. ओली पुळण घट्ट असली तरी समुद्राकडे उतरती असते. तिथे उभ्या आसनात एक पाय खाली राहतो आणि कंबर तिरकी होते. घरची सपाट लादी सगळ्यात बरी. तिच्यावर ४ ते ६ मिलिमीटरची मॅट पुरते. जाड, गादीसारख्या मॅटवर तोल जातो.

आपल्या दमट हवेत तळवे घामाने घसरतात. पंखा मंद ठेवा आणि हाताशी सुती पंचा असू द्या. पावसाळ्यात वापरलेली मॅट तशीच गुंडाळली तर आठवड्यात बुरशीचा वास येतो. ओल्या फडक्याने पुसून ती पंख्याखाली उलगडून वाळवावी. रबराची मॅट उन्हात टाकू नये, तडे जातात.

सकाळी पोदेराचा (पाववाल्याचा) भोंगा ऐकू येण्याआधीची वेळ उत्तम, कारण पोट रिकामे असते. संध्याकाळीच जमत असेल तर दुपारच्या शीत-कडीनंतर तीन-चार तास जाऊ द्या. पेजेनंतर दोन तास पुरतात.

अर्ध्या तासाचा क्रम

१. मांडी घालून बसा, पण थेट जमिनीवर नको. चादरीची चार बोटे उंच घडी बैठकीखाली घ्या. गुडघे कमरेपेक्षा वर राहिले की पाठीला पोक येतेच, मग कितीही ताठ बसा म्हटले तरी उपयोग नाही. नाकाने श्वास घेताना मनात चार आकडे मोजा, सोडताना सहा. असे दहा श्वास. श्वास रोखून धरणे सध्या नको.

२. हात-गुडघ्यांवर या. श्वास घेत छाती पुढे उघडा, सोडत पाठ गोल करा. हे मार्जारासन, आठ वेळा. गुडघ्यांना लादी टोचत असेल तर खाली टॉवेल घाला.

३. ताडासन, एक मिनिट. दिसायला नुसते उभे राहणे, पण बहुतेकांचा भार टाचांवर नाहीतर तळपायाच्या बाहेरच्या कडेवर असतो. जुन्या चपलेची झीज पाहिली की तुमचे वजन कुठे पडते ते कळेल. अंगठ्याचे मूळ, करंगळीचे मूळ आणि टाच या तिन्ही ठिकाणी भार सारखा टाका.

४. स्वयंपाकघराच्या ओट्यावर हात टेकून पावले मागे न्या आणि पाठ सपाट होईपर्यंत कमरेतून वाका. मांडीची मागची बाजू जास्त ओढत असेल तर गुडघे थोडे मोडा. पाच श्वास.

५. त्रिकोणासन. इथे घाई करू नका, सगळ्यात जास्त चुका याच आसनात होतात. पावलांत तीन ते साडेतीन फूट अंतर घ्या. उजवे पाऊल पूर्ण बाहेर, डावे किंचित आत. उजव्या टाचेची रेघ डाव्या पावलाच्या कमानीला मिळायला हवी. हात आडवे पसरून आधी उजवीकडे लांब व्हा आणि मगच खाली वाका. हात जमिनीला लावायचाच असा हट्ट धरला की छाती जमिनीकडे वळते, खालची बरगडी दुमडते आणि त्रिकोण राहतो फक्त नावाला. हात लाकडी स्टुलावर ठेवा. दुसरी चूक गुडघ्याची: पाय ताठ करायच्या नादात तो मागे ढकलला जातो. पोटरी किंचित पुढे ढकला, सांध्यावरचा ताण लगेच कमी होतो. आपले बरोबर चालले आहे का, हे भिंत सांगते. पाठीमागे भिंत ठेवून करा, दोन्ही खांदे आणि नितंब तिला लागले पाहिजेत. (पावसात ओल आलेली भिंत सोडून दुसरी शोधा.) दोन्ही बाजूंना पाच-पाच श्वास.

६. भुजंगासन, म्हणजे पालथे पडून छाती वर उचलणे, तीन वेळा. हातांच्या जोराने उठू नये. तळवे क्षणभर जमिनीवरून उचलून पाहा, छाती जेवढी वर राहील तेवढेच तुमचे आसन. त्याहून वर गेलात तर कमरेचा खालचा भाग चिमटतो.

७. पाठीवर पडून, भिंतीला पाय वर लावून तीन मिनिटे आणि शेवटी पाच मिनिटे शवासन. पंखा बंद नको, अंगावर पातळ चादर घ्या. वेळ कमी असेल तर मधले एखादे आसन गाळा, शवासन गाळू नका.

दुसऱ्या आठवड्यात सुरुवातीला तीन सूर्यनमस्कार घाला, सावकाश.

कोणी जपावे

काचबिंदू असणाऱ्यांनी डोके खाली जाणारी आसने टाळावीत. ताब्यात नसलेला रक्तदाब असेल तरीही तेच. मणक्याची गादी सरकलेली असेल किंवा हाडे ठिसूळ असतील तर पाठ गोल करून पुढे वाकणे टाळा, गरोदरपणात पोटावर दाब नको. डॉक्टरांना आधी विचारलेले बरे. नियमित सरावाने जुनी कंबरदुखी पुष्कळांची हलकी होते, तोल सुधारतो, झोप लागते. मधुमेहाची गोळी मात्र योगामुळे आपोआप सुटत नाही, आणि सावकाश आसनांनी वजनही फारसे उतरत नाही.

मग शैली

बी. के. एस. अय्यंगार आणि पट्टाभी जोइस हे दोघेही म्हैसूरच्या योगगुरू कृष्णमाचार्यांचे शिष्य, पण त्यांच्या पद्धती दोन टोकांच्या. पुण्यातून जगभर गेलेल्या अय्यंगार पद्धतीत विटा, पट्टे, खुर्ची, दोर यांच्या आधाराने आसन नेमके बसवतात. साठीच्या माणसाला, दुखऱ्या गुडघ्याला हीच बरी. जोइस यांच्या अष्टांगात क्रम ठरलेला आणि श्वासाला बांधलेला असतो. दमदार तरुणांना तो आवडतो, मनगट-खांदे नाजूक असणाऱ्यांनी थांबावे. या नावामुळे एक गोंधळ होतो. पतंजलींच्या अष्टांगात यम-नियमांपासून समाधीपर्यंत आठ अंगे आहेत आणि आसन त्यातले फक्त तिसरे. विन्यास म्हणजे सलग वाहणारा क्रम, तो शिक्षकागणिक बदलतो. यिनमध्ये एकेका आसनात तीन ते पाच मिनिटे निवांत राहायचे असते. मुंगेरच्या बिहार पद्धतीत सांध्यांच्या हालचाली आणि योगनिद्रेवर, म्हणजे आडवे पडून जागेपणी घेतलेल्या विश्रांतीवर, भर आहे. लोणावळ्याच्या कैवल्यधामात १९२४ पासून योगाचा शास्त्रीय अंगानेही अभ्यास होतो.

वर्गात पहिल्या दिवशी जुनी दुखणी शिक्षकांना सुरुवातीलाच सांगा. आपण पुढे वाकलेलो असताना कोणी पाठीवर भार देऊन आणखी खाली दाबू लागले, तर तोंडाने स्पष्ट 'नको' म्हणा आणि आसनातून बाहेर या.