नौदलातल्या काकांच्या आठवणी लिहून ठेवायच्यात? मग हे वाचा

माझे काका १९७१ च्या युद्धात विक्रांत या विमानवाहू जहाजावर स्टोकर होते, म्हणजे खाली बॉयलर-इंजिन सांभाळणारे. ते गेल्यावर घरात उरलं काय, तर एक काळी ट्रंक, दोन मेडलं आणि आम्हा भावंडांच्या डोक्यातले अर्धवट किस्से. ते जुळवायला मला दोन वर्षं लागली, म्हणून सांगते, तुमचे काका-मामा नौदलात होते आणि अजून हयात आहेत, तर या रविवारीच जाऊन बसा त्यांच्याजवळ.

"युद्धात काय झालं?" असं मात्र विचारू नका. माणूस गप्प होतो किंवा दोन वाक्यांत संपवतो. झोपायला जागा कुठे होती, ड्युटी किती तासांची, घाम आला की काय करायचे, पत्र कधी मिळायचं असं विचारा, मग गाडी सुरू होते आणि थांबत नाही. आणि हो, इंजिन रूममधल्या माणसाने लढाई डोळ्यांनी पाहिलेलीच नसते, वर विमानं उडतायत आणि हा खाली वाफेत, त्यामुळे "तुम्ही काय पाहिलंत" पेक्षा "तुम्हाला काय ऐकू यायचं" हा प्रश्न जास्त कामाचा. मोबाइलवर रेकॉर्डिंग लावा, पण आधी विचारून. बुडालेल्या जहाजावरच्या मित्राचं नाव निघालं तर नुसतं ऐका, ७१ मध्ये बुडालेल्या खुकरी या युद्धनौकेवर १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले, त्यातला एखादा यांच्या ट्रेनिंगचा सोबती असू शकतो.

माणूस गेला असेल तर वस्तू बोलतात. मेडल 'पूर्वी स्टार' असेल तर ७१ च्या युद्धातली पूर्वेची आघाडी, 'पश्चिमी स्टार' असेल तर पश्चिमेची. त्याच युद्धाच्या संग्राम मेडलच्या कडेवर नंबर आणि नाव कोरलेलं असतं, भिंगाने वाचा, पण पॉलिश करून घासू नका, अक्षरं झिजतात. जुन्या पत्रांवर पाठवणाऱ्याच्या पत्त्यात जहाजाचं नाव आणि फ्लीट मेल ऑफिस, म्हणजे नौदलाचं टपाल कार्यालय, सापडतं. फोटो दोन्ही बाजूंनी स्कॅन करा, मागचं पेन्सिलीतलं लिखाण महत्त्वाचं. काकूंना विचारायला विसरू नका, तारखा त्यांनाच पाठ असतात.

मग किस्सा आणि इतिहास ताडून बघा. काका नेहमी सांगायचे, "एक बॉयलर नव्हताच आमचा, तसंच गेलो." आम्हाला वाटायचं रंगवून सांगतायत. पण खरंच, विक्रांतच्या चार बॉयलरपैकी एकाला तडा गेला होता, वेग कमी पडत होता, तरी ४ डिसेंबरला तिच्यावरून सी हॉक विमानं उडाली आणि तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या कॉक्स बाजार, चितगावावर हल्ले झाले. हे वाचलं त्या रात्री मला झोप नाही लागली, इतकी वर्षं आपण हसत होतो याचं वाईट वाटलं. जिथे किस्सा आणि नोंद जुळत नाही तिथे दोन्ही लिहा, काकांचं वाक्य खोडू नका.

४ डिसेंबर, नौदल दिन, त्या दिवशी सगळ्यांना एकत्र बोलवा आणि प्रत्येकाकडून एक आठवण घ्या, युद्धाचीच हवी असं नाही. आमच्याकडे धाकट्या चुलतभावाने सांगितलं की रात्री लाईट गेली की आम्ही सगळे झोपलेलेच असायचो, पण पंखा थांबला की काका ताडकन उठून बसायचे आणि अंधारात विचारायचे, "काय बंद पडलं?"