मेंदूला रेडिएशन : आठवण जपायची तर मास्क बनण्याआधी बोला

कर्करोग मेंदूत पसरला की पूर्ण मेंदूला रेडिएशन देतात, बहुतेक वेळा १० दिवसांत मिळून ३० ग्रे (ग्रे म्हणजे रेडिएशनचा डोस मोजायचं एकक). गाठी आवरतात, पण पुढच्या काही महिन्यांत नवं काही लक्षात राहीनासं होतं. नव्या आठवणी तयार करणारा हिप्पोकॅम्पस रेडिएशनला फार हळवा असतो, हे त्यामागचं एक मोठं कारण.

आधी विचारा, पूर्ण मेंदूला द्यायलाच हवं का? गाठी दोन-तीनच आणि लहान असतील तर फक्त त्यांच्यावर नेम धरणारी रेडिओसर्जरी चालते. स्मरणशक्ती जास्त टिकते, मात्र नवी गाठ इतरत्र उगवू शकते. म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी एमआरआय चुकवायचा नाही.

पूर्ण मेंदूलाच द्यायचं असेल तर हिप्पोकॅम्पस वगळून प्लॅन करता येतो. घोडं अडतं ते एमआरआयपाशी. नेहमीच्या ५ मिमी जाडीच्या कापांवर हिप्पोकॅम्पस नीट आखता येत नाही. १ ते १.५ मिमीचे काप लागतात आणि ते मास्क (डोकं हलू नये म्हणून चेहऱ्यावर बसवतात तो साचा) घालून काढलेल्या सीटीवर जुळवावे लागतात. आधीच्या एमआरआयची सीडी पुरेल असं गृहीत धरू नका. आखलेल्या भागाभोवती ५ मिमी जागा सोडतात. हिप्पोकॅम्पसच्या कुठल्याही बिंदूला १६ ग्रेपेक्षा जास्त आणि पूर्ण हिप्पोकॅम्पसला ९ ग्रेपेक्षा जास्त डोस जाऊ नये, असं बघतात. गाठ त्या ५ मिमीच्या आत असेल किंवा आजार मेंदूच्या आवरणात पसरला असेल, तर हा मार्ग बंद. प्लॅनला वेळ लागतो. पेशंट झपाट्याने ढासळत असेल तर थांबू नये.

सोबत मेमँटिन, ही स्मृतिभ्रंशात वापरतात ती गोळी. रेडिएशन सुरू होताना पहिला आठवडा सकाळी ५ मिग्रॅ, दुसरा सकाळ-संध्याकाळ ५-५, तिसरा सकाळी १० संध्याकाळी ५, चौथ्यापासून १०-१०. एकूण २४ आठवडे. मूत्रपिंड फारच कमजोर असेल तर ५-५ वरच थांबतात, म्हणून क्रिएटिनिनचा (मूत्रपिंडाच्या रक्ततपासणीचा) रिपोर्ट आधी दाखवा. रेडिएशन संपलं म्हणून घरचे गोळी बंद करतात, ही नेहमीची चूक. बरेच दिवस खंड पडला तर थेट १०-१० घेऊ नका, डॉक्टरांना विचारून पुन्हा ५ पासून चढा.

२०२० साली प्रसिद्ध झालेल्या ५१८ पेशंटच्या अमेरिकी चाचणीत एका गटाला हिप्पोकॅम्पस वगळून, दुसऱ्याला नेहमीसारखं पूर्ण मेंदूला रेडिएशन दिलं; दोन्ही गटांना मेमँटिन होतं. हिप्पोकॅम्पस वगळलेल्या गटाची स्मृती अधिक टिकली, आयुर्मानात फरक पडला नाही.

सुरुवातीलाच पेशंटच्या मातृभाषेत स्मृतिचाचणी करून घ्या, नाहीतर नंतर तुलना कशाशी करणार? विसरण्याचं खापर दर वेळी रेडिएशनवर फोडू नका. मेंदूची सूज उतरवणाऱ्या डेक्सामेथासोन या स्टेरॉइडने झोप उडते (दुसरी गोळी दुपारीच द्या, पण स्वतःहून बंद करू नका), फिटच्या गोळ्यांनी गुंगी येते. अचानक गोंधळ, उलट्या किंवा फिट आली तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना गाठा.